हिंगणघाटचं स्टालिनग्राड

हिंगणघाटच्या एका शाळेत मी आयुष्यभर इतिहास शिकवला आणि एवढ्या वर्षांत गावात कोणाला इतिहासाची गरज पडलेली मला दिसली नाही. गणिताला ट्यूशन होती, इंग्रजीला ट्यूशन होती, इतिहासाला डुलकी होती. म्हणून निवृत्तीच्या आदल्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी चुकलंच असणार.

अध्यक्षांच्या कापसाच्या जिनिंग होत्या. शाळाही त्यांना वडिलांकडून जिनिंगसारखीच मिळाली होती आणि दोन्हींकडे ते एकाच नजरेनं बघत. सकाळी फिरताना मोबाइलवर युद्धाचे व्हिडिओ ऐकायचा त्यांना नवा नाद लागला होता.

"मॅडम, या वर्षी गॅदरिंगमधी दुसरं महायुद्ध कराचं," ते म्हणाले. "कोळी डान्स नाई, काई नाई. पूरा युद्ध. मोठ्या मोठ्या लढाया घ्या, जिथं युद्ध पलटलं त्या. स्क्रिप्ट तुमी लिहा."

मी लिहिली. पर्ल हार्बर, स्टालिनग्राड, नॉर्मंडी, कोहिमा. जपाननं अमेरिकेला डिवचलं, रशियात जर्मनांचं कंबरडं मोडलं, फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरलं आणि इकडे आपल्या नागा टेकड्यांत जपानी थांबले. चार प्रवेश, सोपी भाषा. शेवटी कोणीही नाचणार नव्हतं, एवढी मी काळजी घेतली होती.

भूमिका वाटायची वेळ आली तेव्हा पालकांची रांग लागली. सगळ्यांना आपला मुलगा तो आखूड मिशीचा जर्मन हुकूमशहा म्हणून हवा होता. एक डॉक्टरीणबाई, चांगल्या शिकलेल्या, मला म्हणाल्या, "मॅडम, मेन रोल त्याचाच आहे ना? आमच्या पोराचा आवाज खूप भारी आहे."

"त्यानं लाखो माणसं मारली," मी म्हटलं.

"हो, पण पर्सनॅलिटी होती."

त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शेवटी ती मिशी अध्यक्षांच्या नातवाच्या नाकाखाली गेली आणि गावातल्या बाकी महत्त्वाकांक्षा जर्मन सेनापतींवर भागल्या. ड्रेसवाल्याकडचे जर्मन ड्रेस पहिल्या दिवशीच संपले. इंग्रजांना बँडपथकाचे लाल कोट मिळाले.

रशियन व्हायला कोणी तयार नव्हतं, कारण माझ्या स्क्रिप्टमध्ये त्यांना बर्फात मरून पडायचं होतं. त्यावर मुख्याध्यापकांनी उपाय काढला. ज्या मुलांच्या घरून ड्रेसचं भाडं येणार नव्हतं, ती मुलं मृत रशियन.

"मेलेल्याले ड्रेस कायले लागते?" ते म्हणाले. "वरून बर्फ टाकून देऊ."

बर्फ म्हणजे रुई. अध्यक्षांच्या जिनिंगमधून पोती आली. समुद्रपूरकडच्या शेतांतून वेचून आणलेला कापूस, सरकी काढून, असा एकदम रशियाला गेला.

खरी अडचण कोहिम्याच्या तालमीत आली. अध्यक्ष खुर्ची टाकून बसले होते. स्टेजवर चुन्यानं टेनिस कोर्ट आखलेलं होतं, कारण तिथल्या लढाईत इंग्रज अधिकाऱ्याच्या बंगल्यातलं टेनिस कोर्ट मध्ये होतं आणि दोन्ही फौजा त्याच्या दोन टोकांना खड्ड्यांत बसल्या होत्या. मी मुलांना उभं करत होते, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांबा. यात आपले कोणते?"

"इंग्रजांच्या फौजेत पुष्कळसे आपलेच होते," मी म्हटलं. "आणि जपान्यांसोबतही आपलेच काही होते, इंग्रजांना हाकलायला निघालेले."

"म्हणजे दोनीकडे?"

"दोन्हीकडे."

ते चुन्याच्या रेघांकडे बघू लागले. मला वाटलं, विचार करताहेत. मग म्हणाले, "मग लोकायनं टाळ्या कोणासाठी वाजवाच्या? नाई मॅडम, हे कट करा. कन्फ्यूजन नको. त्याच्या जागी एक देशभक्तीचं गाणं घ्या."

चारांपैकी आपल्या मातीवर झालेली एकुलती एक लढाई अशी एका वाक्यात निकालात निघाली. मुख्याध्यापक मान डोलावत होते. ते अध्यक्षांसमोर नेहमीच डोलावत, आधी मान आणि मग वाक्याचा अर्थ.

आमच्या शाळेत गणिताच्या एक बाई होत्या. समुद्रपूर तालुक्यातल्या, बौद्ध घरातल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचे आजोबा कोहिम्याच्या वेढ्यात शिपाई होते, हे त्यांनी मला कधीतरी डबा खाताना सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, तुम्ही अध्यक्षांना आजोबांचं सांगा. आपल्याच भागातल्या मुलीचे आजोबा तिथे लढले म्हटल्यावर तरी ते ऐकतील. वाटल्यास त्यांचा फोटो स्टेजवर ठेवू.

त्या वह्या तपासत होत्या. लाल पेन खाली ठेवून म्हणाल्या, "नका करू मॅडम."

"का?"

"माह्या आजोबाले या लोकायच्या टाळ्या नको. हे त्यायच्या फोटोले हार घालतीन, अन् मंग त्या पोरालेच मिशी लावून सलाम ठोकतीन. आजोबा घरी फोटोत हायेत, तिथंच बरे."

मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. अध्यक्षांना जाऊन मी एवढंच सांगितलं, की स्क्रिप्टवर माझं नाव घालू नका. त्यांना ते ऐकून बरंच वाटलं. पत्रिकेवर 'लेखन' या शब्दापुढे त्यांच्या सूनबाईंचं नाव आलं.

गॅदरिंगला अख्खं गाव लोटलं होतं. पर्ल हार्बरला पुठ्ठ्याचं जहाज वेळेआधीच बुडालं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मग स्टालिनग्राड. अध्यक्षांचा नातू आला, हात उंचावला आणि मंडपात शिट्ट्या सुरू झाल्या. ज्या बापांनी घरी पोरांना कधी मोठा आवाज करू दिला नाही, तेच बाप उभे राहून त्याला हात दाखवत होते. सगळी हौस. आपण काय करतोय, हे विचारणारा एकही माणूस त्या गर्दीत नव्हता, आणि त्यात माझे कितीतरी जुने विद्यार्थी होते. त्यांना मी काय शिकवलं होतं कोणास ठाऊक.

बर्फ पडावा म्हणून मुख्याध्यापकांनी दोन्ही बाजूंना मोठे पंखे लावले होते. पंखे सुरू झाले आणि रुई उडाली. पहिल्या झटक्यात जर्मन फौज शिंकायला लागली. हुकूमशहाच्या मिशीवर रुई चिकटून त्याचा आजोबा झाला. मेलेल्या रशियनांच्या नाकातोंडात तंतू गेले. ती पोरं बिचारी मेल्याचं काम इमानानं करत होती, डोळे मिटून, पण खोकला काही आवरेना. एकेक मृतदेह उठून बसायला लागला. मंडप हसून लोळत होता. जिथं माणसं उंदीर खाऊन जगली, त्या शहराच्या नावावर हिंगणघाट पोट धरून हसलं.

मी मागून स्टेजवर गेले आणि पंख्यांची वायर काढली. एका रशियनाला दम लागला होता. त्याला मागे नेऊन पाणी दिलं. त्याची आई, भाजीबाजारात बसणारी, धावत आली आणि पदरानं त्याचं तोंड पुसत राहिली. मुख्याध्यापक माझ्यावर चिडले होते. "मॅडम, इफेक्ट काऊन बंद केला? पब्लिकले मजा येऊन राह्यली होती."

नंतर पाहुण्यांचं भाषण झालं. पाहुणे म्हणाले, दुसरं महायुद्ध हे आपण सर्वांनी एकजुटीनं जिंकलेलं युद्ध आहे, आणि नॉर्मंडीच्या त्या पवित्र भूमीला मी वंदन करतो. टाळ्या पडल्या. नॉर्मंडीचा प्रवेश वेळेअभावी झालाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गावर माझा तास होता. मी फळ्यावर नागा टेकड्यांचा नकाशा काढला आणि जे कापलं होतं ते शिकवायला घेतलं. गणिताच्या बाईंचा तास मोकळा होता. त्या दारावरून जाताना थांबल्या, नकाशाकडे बघितलं आणि आत येऊन मागच्या बाकावर बसल्या. वेढ्यात पाण्याचे हाल झाले, हे मी सांगत होते. तेव्हा त्या बसल्या जागेवरूनच बोलल्या.

"आमचे आजोबा तिथं होते. ते म्हणत, तिथं पाणी घोटभर भेटे, पण सगळ्यायले सारखं भेटे. गावात विहीर भरलेली होती, अन् आपल्याले शिवू देत नोहते."

वर्ग वळून त्यांच्याकडे बघू लागला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका मुलीनं विचारलं, "मग लढाईहून आल्यावर गेले का ते विहिरीवर?"

"गेले. फौजेचा कोट घालून गेले. मार खाल्ला." त्या म्हणाल्या. "मंग छप्पन साली तोच कोट घालून नागपूरले गेले, दीक्षेले. आमच्या घरी युद्ध पलटलं म्हणतात ते तेव्हाचं."

पोरांनी पुष्कळ विचारलं. गोळी लागली का, जपानी दिसायचे का, रात्री झोपायचे कुठे. बाईंनी माहीत होतं तेवढं सांगितलं आणि नव्हतं ते माहीत नाही म्हणाल्या. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. एवढ्या नोकरीत असा तास मला फार कमी वेळा मिळाला.

दोन दिवसांनी एक पालक भेटायला आले. कापडाचं दुकान होतं त्यांचं. गॅदरिंगला त्यांचा मुलगा जर्मन सेनापती होता.

"मॅडम, ते कोहिमा का काय, परीक्षेत येते का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग काऊन शिकवून राह्यले? पोर्शन तर पुराच पडला आहे."

मी त्यांना बसा म्हटलं नाही. पुढच्या तासाची घंटा झाली होती. खडू उचलला आणि वर्गावर गेले.