हिरोच्या फोटोला झेंडूचा हार

आधी हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगते.

मी अकोल्याला मानसशास्त्रात एम.ए. करून तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावी परतले, ती थेट गावाचं मन मोकळं करायलाच! एका उदास पोराची फिल्म दाखवायची, मग लोकांनी आपापल्या मनातलं बोलायचं. बाबा म्हणाले, "लोकं घरच्यांपाशी बोलत नाईत, तुह्यापाशी काय बोलतीन?"

मी पेटले. "एका तरी म्हाताऱ्याले बोलतं करून दाखवीन!"

अंगणात सतरंज्या अंथरल्या, भिंतीवर पांढरी चादर टांगली. दारात खुर्चीवर फिल्ममधल्या हिरोचा मोठा फोटो. शेजारच्या फुलशेतीवाल्या काकूंनी झेंडूचा हार दिला. एवढा ताजा हार वाया घालवायचा? घातला फोटोला. समोर अगरबत्ती. डास होते हो!

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं. एम.ए.!

लोक आले ते मान खाली घालून, बाया डोक्यावर पदर ओढून. मी खूश, काय शिस्त! गंगूआजीने माझा हात धरला. "किती तरणाबांड होता वं! काय झालतं त्याले?"

"डिप्रेशन!" मी उत्साहात. "वरून हसे, आतून खचला होता. कोणाले सांगितलंच नाही."

आजीने हंबरडाच फोडला. "माहा धाकटा बी असाच मुका बसून रायते वं!"

"बुढी गेल्यापासून मले झोप नाई," नामदेवबाबा म्हणाले. नामदेवबाबा! ज्यांचा आवाज गावाने फक्त बैलावर ओरडताना ऐकलेला! मग तिसरा बोलला, चौथी रडली, अंगणभर नुसता गलका.

आणि मी काय करावं? प्रोजेक्टर तापलेला, कार्यक्रमाचा क्रम बिघडलेला. माझं डोकं फिरलं.

"ओ बाबा, गप बसा ना सारे! आधी पिक्चर. मनातलं बोलाचं त्याच्यानंतर आहे!"

चिडीचूप. फिल्म सुरू झाली, संपली. शेवटी पोरगा बरा होऊन मस्त हसला. गंगूआजी ताडकन उठली. "हा तं जिता हाये! मंग हार कावून घातला वं, भवाने? मी फुकट रडली!"

"बरं, आता बोला ना मनातलं," मी विनवलं.

सगळे चपला शोधायला लागले.

बाबा शेजारी येऊन हळूच म्हणाले, "म्हाताऱ्याले बोलतं केलं तुनं, मानलं बाप्पा. गप बी तुनंच केलं."