छत्रीवाला मास्तर

ऐंशीच्या दशकात आम्ही अ‍ॅरिझोनात, चँडलरला राहत होतो. नवरा रात्रपाळीला असायचा, म्हणून स्वसंरक्षणाच्या एका क्लासला मी नाव नोंदवलं. शिकवायला एक वाळकुडा गोरा म्हातारा. बॉक्सिंग, जुजुत्सू आणि काठी एकत्र करून इंग्रजांनी फार पूर्वी काढलेली ही विद्या, असं तो सांगायचा. आणि हत्यार काय, तर छत्री! ज्या गावात पाऊस म्हणून पडत नाही, तिथे छत्री? पहिल्या दिवसापासून मला वाटायचं, हा बाबा थापा मारतोय.

त्याचाही माझ्यावर भरवसा नव्हता. मी पर्समध्ये हात घातला तरी तो सावध व्हायचा. सरावात हल्ला करणाऱ्याने आधी ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हणायचं आणि समोरच्याने छत्रीच्या वाकड्या मुठीने त्याचा पाय ओढायचा, असा त्याचा नियम.

एकदा क्लास संपल्यावर तो पाठमोरा उभा राहून दिवे घालवत होता. निघताना आपण काही ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. त्याच सवयीने, पण इंग्रजीत, मी म्हटलं, ‘‘आय अ‍ॅम कमिंग.’’

तो गर्रकन वळला. छत्रीची मूठ माझ्या घोट्यात अडकली आणि मी धाडकन आडवी! वर विचारतो कसा, ‘‘तुला पाठवलं कोणी?’’

विद्या खरीच होती म्हणायची, माणूसच बिघडलेला. मी उठले, कपडे झटकले, आणि जन्मात पहिल्यांदा कुणाच्या दारातून निघताना चक्क मराठीत म्हटलं, ‘‘जाते.’’