चुकीच्या तीरावरचे गुरुजी

समस्त नाशिककरांना, आणि विशेषेकरून ज्यांची लग्नं पंचवटीतल्या आमच्या मंगल कार्यालयात दत्तूगुरुजींनी लावली त्यांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, शास्त्राप्रमाणे पाहू जाता आपले लग्न भलत्याच जागी लागलेले आहे. आपण बसला होतात गोदावरीच्या उत्तर तीरावर. गुरुजींनी वर कळवलं, दक्षिण तीरावर. तरी कोणीही घाबरून जाऊ नये. संसार आहेत तसेच चालू ठेवावेत. कार्यालयाचं भाडं परत मिळणार नाही.

निवेदन करणारा मी, कार्यालयाचा मालक. आता जरा समजावून सांगतो. कुठल्याही धर्मकार्याच्या आरंभी संकल्प सोडतात. हातावर पाणी घ्यायचं आणि आपण कोण, आज तिथी कुठली, बसलोय कुठे, हे सगळं देवाला संस्कृतात सांगायचं. त्यात नदीचा काठही येतो. दत्तूगुरुजी राहायचे पलीकडे, जुन्या नाशकात. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून शिकले ते ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’. ते जिभेवर असं बसलं की पूल ओलांडून अलीकडे आले तरी तीर काही बदलला नाही. आणि म्हणायचे असे, की ऐकणाऱ्याला वाटावं, नदीनंच सरकून घ्यावं. आवाज म्हणजे तांब्याच्या घंगाळात पाणी पडावं तसा. आमच्याकडे लोक आधी गुरुजींची तारीख विचारायचे, मग माझी.

एकदा निफाडची एक मुलगी बोहल्यावर बसली. भूगोलाची शिक्षिका. गुरुजींनी ‘दक्षिणे तीरे’ म्हटलं आणि ती मुंडावळ्या बाजूला करून म्हणाली, “गुरुजी, एक मिनिट. आपण उत्तर तीरावर आहोत ना?”

गुरुजी थांबले. मंत्र म्हणताना गुरुजी थांबलेले मी तोवर पाहिले नव्हते.

“दक्षिण तीर पलीकडे,” ती म्हणाली. “मी पाचवीच्या मुलांना नकाशा काढून शिकवते.”

नवऱ्या मुलाचा मामा ओरडला, “अहो सूनबाई, आधी लग्न तर लागू द्या, मग नकाशा काढा!” हॉल हसला. गुरुजींनी मात्र खिडकीतून नदीकडे पाहिलं, ‘उत्तरे तीरे’ असं दुरुस्त केलं आणि पुढचं सगळं यथासांग पार पाडलं.

संध्याकाळी माझ्या ऑफिसात येऊन बसले. चहा आला, त्यावर साय धरली, तरी कपाला हात नाही.

“मालक, मी तुमच्याकडे कधीपासून येतोय?”

“माझे केस काळे होते तेव्हापासून.”

“म्हणजे तेव्हापासून मी देवाला चुकीचा पत्ता देतोय. आणि एकही टपाल परत आलेलं नाही.”

“पोस्टमन ओळखीचा असेल,” मी म्हटलं. मी विनोदी माणूस आहे, असा माझा समज आहे.

गुरुजी हसले नाहीत. “किंवा त्या पत्त्यावर कोणी राहतच नसेल,” ते म्हणाले, आणि थंडगार चहा एका घोटात पिऊन टाकला.

आता तीर चुकला म्हणून कोणाची श्रद्धा जात नाही. पण गुरुजींचा स्वभाव असा की स्वेटरचा एक धागा निघालेला दिसला, तर तो कुठवर जातो हे पाहिल्याशिवाय झोप नाही. त्यांनी तपास सुरू केला. चुकीच्या तीरावर लग्न लागलेल्या जोडप्यांच्या घरी ते सहज म्हणून जाऊ लागले. मग बरोबर तीरावरच्यांच्या घरी. दोन्हीकडे पोह्यांची चव सारखी आणि भांडणंही सारखी. एका वयोवृद्ध आचार्यांना जाऊन विचारलं, तर ते म्हणाले, “अरे दत्तू, देवाला भाव कळतो. तीराचं काय घेऊन बसलास?” गुरुजी म्हणाले, “मग नुसता भावच पाठवू. मंत्रांची दक्षिणा कशाला घेऊ?” आचार्यांनी त्यांना प्रसादाचा पेढा देऊन वाटेला लावलं.

वर्षभर हे चाललं. आणि एका दिवाळीनंतर गुरुजींनी उपरणं घडी घालून कपाटात ठेवलं.

पंचवटीत गुरुजीनं गुरुजीपण सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथे रिक्षावालासुद्धा गिऱ्हाईकाला आधी विचारतो, “रामकुंड का? गुरुजी ठरलेत?” गल्लीत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला. कोणी म्हणालं, बाहेरच्या संस्थेनं पैसे दिले. मी विचारलं, “गुरुजी, एवढा कसला राग?”

“राग नाही हो मालक. माझं देवाशी भांडणच नाही. भांडायला समोर कोणीतरी लागतं.”

आणि मग एकदम मान खाली घालून म्हणाले, “मंगल माझ्याशी बोलत नाहीये.”

मंगलावहिनी त्यांच्या पत्नी. सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणाऱ्या. त्या सारंच बोलायच्या बंद झाल्या नव्हत्या. भाजी, गॅस, दूध एवढं बोलायच्या. पण एक वाक्य त्यांनी नवऱ्याला ऐकवलं होतं, आणि ते गुरुजींना काट्यासारखं रुतून बसलं होतं: “मी एका गुरुजींशी लग्न केलं होतं. ते कुठं ठेवलेत तेवढं सांगा.”

गुरुजीपण वजा केल्यावर उरतो तो माणूस या बाईला चालेल का, एवढाच आता प्रश्न होता. देव असण्या-नसण्याचा प्रश्न त्यापुढे किरकोळ.

वहिनींनी नवरा ताळ्यावर यावा म्हणून सोमवार धरले. आणि त्या उपासाची खिचडी करायचे कोण? गुरुजी! “माझ्याविरुद्धच्या उपासाची खिचडी मीच करतो,” ते मला सांगायचे. “दाण्याचं कूट जरा जास्त घालतो. विरोधकाला अशक्तपणा यायला नको.”

मी त्यांना कार्यालयाचा व्यवस्थापक नेमलं. दया म्हणून नव्हे. माझा स्वार्थ होता. केटरर, मांडववाला आणि वरमाई या तिघांना एकाच आवाजात गप्प करणारा माणूस मला हवाच होता. पण त्यांनी जे सुरू केलं ते माझ्या डोक्यात नव्हतं. पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं: नवरी मुलगी खाल्ल्याशिवाय बोहल्यावर जाणार नाही. एका वधूपित्यानं डोळे वटारले, “अहो, तिचा उपास असतो!” गुरुजी शांतपणे म्हणाले, “भुकेल्या माणसाचा होकार धरू नये, साहेब. उद्या ती म्हणेल, मला चक्कर येत होती म्हणून हो म्हटलं.” आणि स्वतः पडद्यामागे उपमा घेऊन गेले.

एकदा गर्दीत एक म्हातारे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून बसलेले. खुर्च्या सरकवताना कोणीतरी त्यांची फिरवली होती आणि त्यांना उठता येत नव्हतं. कोणाचं लक्ष नाही. गुरुजींनी खुर्चीसकट त्यांना फिरवलं आणि शेजारी बसून, कोण कोणाचा कोण, सगळं स्टेज समजावून सांगितलं.

मी म्हटलं, “गुरुजी, पूर्वी नव्हतं तुमचं असं.”

“पूर्वी मी डोळे मिटून असायचो,” ते म्हणाले. “वरचा सगळं बघतोय, मग मी कशाला बघू? आता वरची खुर्ची रिकामी दिसली. म्हणजे ड्युटी माझ्यावर आली की नाही?”

हे ते इतक्या आनंदात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, प्रमोशन झालंय. खरं सांगतो, देव सोडलेला इतका प्रसन्न माणूस मी पाहिलेला नाही. मी स्वतः आस्तिक आहे. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट हातात येईपर्यंत तरी असतोच.

मग त्यांच्या मुलीचं ठरलं. मुलीचं नाव ऋचा. (“नाव बदलू का?” असं तिनं बापाला चिडवलं होतं. “राहू दे. ऐकायला गोड आहे,” बाप म्हणाला.) मुलगा सागर, शहराबाहेर त्यांची झेंडूची आणि गुलाबाची शेती. दोघांनी सांगितलं, नोंदणी करू, आणि आमच्या कार्यालयात माणसं जमवू. बोलणार फक्त बाबा. मंत्र नाहीत.

सागरचे वडील तात्या म्हणाले, “आमचं काय नाय बा. गुरुजींचा आवाज लय भारी. पाढे म्हनले तरी चालंल.”

वहिनींचं काय नाय, असं नव्हतं. “मंत्राशिवाय पोरीला पाठवू? ती काय कुरिअर आहे?” त्यांनी विचारलं. दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी लेकीच्या तोंडाकडे बघून तयार झाल्या, पण एका अटीवर. आपल्याकडे रीत आहे, मुलीच्या आईनं अक्षता पडताना पाहू नये. तिनं आत तुळशीपाशी बसून पाणी घालत राहावं. आईची नजर लागते म्हणे लेकीच्या संसाराला. “तेवढं मी पाळणार,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही बाहेर काय हवं ते बोला.” गुरुजींनी मान डोलावली.

लग्नाच्या दिवशी हॉल भरला. गल्लीतले झाडून सगळे आले. काही आशीर्वाद द्यायला, बरेचसे फजिती पाहायला. आचार्यसुद्धा पहिल्या रांगेत. अंतरपाट धरला गेला. इकडे ऋचा, तिकडे सागर, हातात माळा. लोकांच्या मुठीत अक्षता. गुरुजी साध्या पांढऱ्या सदऱ्यात पुढे आले. माईक बाजूला सारला.

“मंडळी,” ते म्हणाले, “मी आयुष्यभर एक शब्द म्हणत आलो. सावधान. तुम्ही तो ऐकला की अक्षता टाकता. मीही तो कधी नीट ऐकला नव्हता. त्याचा अर्थ एवढाच, की लक्ष द्या. त्या सगळ्या संस्कृतातला हा एक शब्द माझ्याजवळ राहिलाय, कारण तो देवाला नाही, माणसांना म्हटलेला आहे. तोच आज म्हणणार आहे.”

सगळ्यांनी अक्षतांचे हात उचलले. आणि गुरुजी गप्प झाले.

गप्पच. वाजंत्रीवाला सनई ओठाला लावून ताटकळला. सागर टाचा उंचावून पाहू लागला. आचार्यांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू समाधान पसरायला लागलं.

मग गुरुजी वळले आणि आतल्या खोलीच्या दाराकडे पाहून बोलू लागले. आवाज तोच, पण उंच नव्हता.

“मंगल, आपलं ठरलंय ते मी मोडत नाही. तू यायलाच हवंस असंही नाही. फक्त एक सांगतो. ज्या बाईनं या पोरीकडे जन्मापासून लक्ष दिलं ती भिंतीपलीकडे असताना बाकीच्यांना ‘लक्ष द्या’ म्हणायला माझी जीभ उचलत नाही. कितीतरी आयांना मीच आत पाठवलंय. बाहेर लग्न लागायचं आणि त्या आत रोपाला पाणी घालत रडायच्या. मी दक्षिणा घेऊन घरी जायचो. आईच्या नजरेनं लेकीचं वाईट होतं हे मी सांगितलं, आणि ते मला कोणी सांगितलं, हे मला आठवतही नाही. तू आलीस आणि खरंच काही वाईट झालं, तर तुझ्या देवाला सांग, याला धरा. तसाही मी त्याच्या डोळ्यावर आहेच.”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“सावकाश ये,” गुरुजी म्हणाले. “मला मुहूर्त नाही, त्यामुळे घाईही नाही.”

“बसा ओ मंडळी!” तात्यांनी हाक दिली. “जेवान गरमच हाये!”

पण बसलं कोणी नाही. अंतरपाटाआड ऋचा हुंदके देत होती. ते मुसमुसणं सगळ्या हॉलला ऐकू येत होतं. ते आतही गेलं असणार. दार उघडलं. मंगलावहिनी उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. हातात तांब्या, पदर ओला. बाईनं जन्मभर जे खरं मानलं ते ओलांडून यायचं होतं, आणि त्या पलीकडे काय आहे हे त्यांना कोणीच सांगू शकत नव्हतं. एक पाय बाहेर टाकला. थांबल्या. मग पुढच्या रांगेतल्या बायका बाजूला झाल्या आणि वहिनी सरळ चालत आल्या.

गुरुजींनी ऋचाच्या मामाच्या हातातलं अंतरपाटाचं टोक घेतलं आणि वहिनींच्या हातात दिलं. एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. आणि मग तो आवाज लावला. पंचवटीनं ऐकलेला सगळ्यात मोठा ‘सावधान’ तो असेल. बाहेर रिक्षा थांबल्या, असं लोक सांगतात. मी सांगत नाही. मी त्या वेळी नाक शिंकरत होतो.

वहिनींनी टोक सोडलं. पडदा पडला. अक्षतांचा मारा असा झाला की पुढची रांग पांढरी झाली. आचार्यांनीही मूठ रिकामी केली, हे मी पाहिलं. ऋचानं माळ घालायची सोडून आधी आईला मिठी मारली. सागर बिचारा माळ घेऊन हसत उभा. सनई सुरू व्हायला क्षणभर उशीर झाला, आणि नेमक्या त्या शांततेत मंगलावहिनींनी लेकीच्या खांद्यावरून नवऱ्याकडे पाहिलं, तांब्यासकट हात जोडले, वर छताकडे बघितलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, “देवा, यांना असंच नास्तिक ठेव रे बाबा!”