मी कच्ची म्हटलेली कविता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, वहिनीला नाही, शाळेतल्या ज्या मैत्रिणीपाशी बाकी सगळं बोलले तिलाही नाही. आता त्यांतलं कुणी उरलेलं नाही. घरात मी एकटीच. तेव्हा तुम्हाला सांगते – तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय केलंत? चोरी नाही, मारहाण नाही. एका मुलीला दोन वाक्यं बोलले. दोनच. पण त्या दोन वाक्यांपाशी यायला मला थोडं लांबून यावं लागेल. येऊ द्याल?

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी गिरगावातल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. लग्न केलं नव्हतं, भावाच्या बिऱ्हाडात राहायची. एक लहानसा कवितासंग्रह निघाला होता, त्यामुळे लोक मला कवयित्री म्हणत आणि मी म्हणू देत असे. आम्ही तीन-चार कवींनी ठरवलं, गिरणगावातल्या पोरांकडे जायचं. जी शाळा सोडून कामाला लागलीत किंवा लागणार आहेत, त्यांना कविता ऐकवायच्या, त्यांच्याकडून लिहून घ्यायच्या. वरळीला बीडीडी चाळींजवळची एक व्यायामशाळा रविवारी सकाळी आम्हाला मिळाली. मल्लखांबाभोवती पोरं मांडी घालून बसत. तेलाचा आणि तांबड्या मातीचा वास. बाहेर भिंतीभर घोषणा रंगवलेल्या. कधी डिलाईल रोडला गडबड असली की वर्ग बुडायचा.

बाकीचे कवी लवकरच गळाले. मी टिकले. का टिकले? सेवाभाव वगैरे मी पुढे भाषणांत सांगितलं. खरं म्हणजे – ती पोरं माझ्याकडे जशी बघायची, तसं दुसरं कुणी बघत नव्हतं.

मी त्यांना सांगायची, तुमचं बोलणं अशुद्ध नाही. घरातली एक वस्तू घ्या आणि तिच्याबद्दल खरं असेल ते लिहा. आधी हसली. मग लिहायला लागली. मालवणकडच्या गणपतनं खाटेखालच्या ट्रंकेवर लिहिलं – सगळा गाव त्या ट्रंकेत आहे आणि कुलपाची चावी हरवली आहे, असं काहीतरी. मी वाहवा केली तर कानापर्यंत लाल झाला.

चंद्रा दाराशी बसायची. पंधरा-सोळाची, परकर-पोलक्यातली. वडील गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. नाव विचारलं तर खाली बघून म्हणाली, "चंद्री." आदल्या वर्षी तिच्या चाळीतल्या घराघरांनी बौद्ध धम्म घेतला होता, घरातले देव काढले होते. तिनं त्यावर लिहिलं. कागद मुठीत चुरगळून आणला होता, मीच म्हटलं वाच. तिनं वाचलं –

देव गेले, फळी राहिली.
भिंतीवर काजळी राहिली.
आई म्हणाली, पूस.
मी म्हटलं, राहू दे –
इतकी वर्षं कोण जळत होतं
ते दिसू दे.

बघा, मला अजून पाठ आहे. माझ्या स्वतःच्या कविता मला पाठ नाहीत.

मी उठून तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "चंद्रा, ही पुरी कविता आहे. तुला लिहिता येतं. हे तुझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही."

पुढच्या रविवारी ती दारातून उठून पुढे येऊन बसली. कागदाखाली नाव लिहिलं होतं – चंद्री नाही, चंद्रा. मान वर करून बोलायला लागली. गणपतला म्हणाली, "तुजी चावी हरवली नाय, तूच लपवलीस. तसं लिव." आणि ते बरोबर होतं!

मग दादरला कविसंमेलन ठरलं. चळवळीसाठीच होतं ते. गिरणगावातल्या मुलांनाही वाचायला मिळावं म्हणून मीच धडपडले. गणपत आणि चंद्रा, दोघांची नावं दिली. कार्यक्रम बघणारे एक वजनदार गृहस्थ होते, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. संमेलनाच्या दिवशी दुपारी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, मुलीची कविता उत्तम आहे हो," ते म्हणाले. "पण वेळ कोणती आहे? आत्ता सगळा मराठी माणूस एका आवाजात बोलतोय. त्यात हे देव काढले, काजळी राहिली... लालबागहून माणसं येणार. उगाच कुणाचं मन दुखायला नको. तिच्या वेळात तुम्हीच आणखी एक वाचा ना."

मी काय म्हणायला हवं होतं, ते मला त्या क्षणीही माहीत होतं. ती वाचणार नसेल तर मीही वाचणार नाही. एवढंच. दादरच्या त्या व्यासपीठावर मला तोवर कुणी बोलावलं नव्हतं. मी म्हणाले, "बरं."

इथवरही ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं – पण भित्रेपणा म्हणता आला असता. पुढचं त्याहून वाईट आहे.

चंद्रा वडिलांबरोबर लवकर आली होती. आईचं ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोली. वडिलांनी पाळी बदलून घेतली होती, धुतलेली टोपी घातली होती. ते आत जागा धरायला गेले आणि मी तिला जिन्याशी गाठलं. नानांनी काय सांगितलं ते तिला सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. ती विचारेल ना – मग बाई, तुम्ही काय म्हणालात?

म्हणून मी म्हणाले, "चंद्रा, कविता अजून कच्ची आहे, आज नको वाचूस."

ती म्हणाली, "पण बाई, तुमीच तर म्हणला होतात..."

"ते मी तुला हुरूप यावा म्हणून म्हटलं होतं."

हीच ती दोन वाक्यं.

ती रडली नाही. हळूच अबोलीचा गजरा चाचपला, जणू तो तरी जागेवर आहे ना ते बघितलं, आणि आत जाऊन वडिलांशेजारी बसली. गणपतनं वाचलं, टाळ्या पडल्या. मी दोन कविता वाचल्या. दुसरीला तर लोक उभे राहिले. व्यासपीठावरून मला ती दिसत होती. टाळ्या वाजवत होती.

सगळं संपल्यावर तिचे वडील हात जोडून माझ्यापाशी आले. "बाई, आमच्या पोरीचं नाव नाय घेतलं?"

मी म्हणाले, "वेळ संपला हो."

चंद्रा शेजारीच उभी होती. तिला एक सांगितलं आणि तिच्यादेखत बापाला दुसरंच. ती म्हणाली, "व्हय आबा, वेळ संपला." असं का म्हणाली? बापासमोर स्वतःची लाज झाकली, की माझी? मला कधी कळलं नाही.

मग ती वर्गाला आली नाही. काही आठवड्यांनी मी तिच्या घरी गेले. लांब व्हरांडा, शेवटाला नळ, एकामागून एक खोल्या. ती भाकऱ्या थापत होती. उठून हात धुतले, मला पाट दिला, चहा केला. मी ठरवून गेले होते की सांगायचं. नानांचं, माझ्या दुसऱ्या कवितेचं, सगळं. शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच बोलली.

"बाई, तुमी मनाला लावून घेऊ नका. बरं केलंत सांगितलंत. नायतर मी येड्यासारखी लिवत बसले असते. आमाला खरं कोण सांगतं?"

आता सांगा. एवढं म्हटल्यावर तोंड उघडायला किती वेळ लागतो? मला फक्त म्हणायचं होतं – मी खोटं बोलले. चहा गरम होता. मी तो फुंकून प्याले. चांगला झालाय म्हणाले. आणि निघाले.

व्यायामशाळेतला वर्ग पुढे वर्षभर चालला. मग शाळेतलं काम वाढलं, असं मी सांगितलं. महाराष्ट्र झाला. माझे आणखी संग्रह आले. सत्कार झाले, आणि प्रत्येक सत्कारात कुणीतरी म्हणायचंच की बाईंनी गिरणगावातल्या मुलांना लिहितं केलं. मी मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटायचा.

खूप वर्षांनी त्या चाळींमधल्या तरुणांच्या कविता छापून यायला लागल्या. धगधगीत. दादरमध्येही टाळ्या पडू लागल्या. मी प्रत्येक अंकात आधी नावं बघायची. चंद्रा कुठे नव्हती. एकदा एका कार्यक्रमात गणपत भेटला, डोकं पांढरं झालेलं. त्याच्याकडूनच कळलं. ती लग्न होऊन कल्याणला गेली होती. नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होती. कावीळ झाली आणि गेली, मुलं लहान असतानाच. "पुढं कधी लिहिलं का तिनं?" मी विचारलं. गणपत म्हणाला, "नाय बाई. तिला कायतरी सुचायचं, पण कागदावर घ्यायची नाय. म्हणायची, आपलं काम नव्हे ते."

गणपतला तरी मी सांगितलं का? नाही. त्याच्या तब्येतीची चौकशी केली, मुलं काय करतात ते विचारलं, आणि गाडीत बसले.

मी खोटं बोलले होते. ज्या मुलीला मी स्वतः सांगितलं होतं की तुला लिहिता येतं, तिच्याकडून ते मीच काढून घेतलं – आणि कशासाठी, तर आणखी एक कविता वाचायला मिळावी म्हणून. ती कोणती कविता होती, तेही आता मला आठवत नाही.