मामांची साक्ष

विडी सोडण्यासाठी आमच्या मामांइतके कष्ट अख्ख्या नगर जिल्ह्यात कोणी उपसले नसतील. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. केडगावच्या अलीकडे मामांचं रान होतं आणि घरात मामीचा दमा. विडीच्या धुराने तिचा जीव कसा घुसमटतो हे एकदा नीट पाहिल्यावर मामांनी विडी टाकली. आमच्या ख्रिस्ती मंडळीत चुकीची कबुली उपासनेत उभं राहून देण्याची रीत होती. ओढली तर दर रविवारी साक्ष देईन, असं मामांनी स्वतःच जाहीर केलं. तोंडाला चाळा म्हणून ते ज्वारीचं ताट चघळत हिंडू लागले, तेव्हा गोठ्यातले बैलसुद्धा त्यांच्याकडे संशयाने बघत.

तरी पाय घसरायचाच. साक्ष द्यायला उभे राहिले की मामांचे डोळे आपोआप मिटत. "बांधावर बाभळीखाली बसलो. ऊन कलतं हुतं. पयला झुरका घेतला, आन् धूर आसा निवांत वर गेला..." देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गाढ शांतता पसरायची. खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगायची, ती मला मामांचा धूरच वाटायची. आशीर्वाद संपला की निम्मे पुरुष मागच्या चिंचेखाली विड्या पेटवीत. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "मामा, पाप तेवढं सांगा, चव नको."

एक विडी ओढली की दिवस बुडालाच, या हिशेबाने मामा उरलेलं बंडलही संपवत. त्यावर मामी शांतपणे म्हणायची, "घागर हिंदकळली म्हनून कुनी सगळं पानी वतून देतं व्हय? पडलात, सांगितलंत, झालं. उठा आता." ती भांडली असती तर सोपं गेलं असतं, असं मामा म्हणत.

साक्षी हळूहळू आखूड होत गेल्या. एका रविवारी मामा उठले आणि "या आठवड्यात काय बी न्हाई" म्हणून खाली बसले. पुरुषमंडळी चक्क हिरमुसली. बायकांच्या बाजूला मामीने मात्र त्या दिवशी गीत शेवटपर्यंत म्हटलं, मध्ये एकदाही न खोकता. मला फार बरं वाटलं.

पुढे काही वर्षांनी मामी गेली. माती देऊन आल्यावर मामा बांधावर जाऊन बसले. शेजारच्या शेतकऱ्याने मायेने विडी पुढे केली. आता घरात कोणाचाच जीव घुसमटणार नव्हता. मामांनी ती बोटांत धरली, लांबवर निळ्या होत चाललेल्या डोंगरांकडे बघत राहिले आणि मग परत दिली.

"नगं," ते म्हणाले. "ती हुती तवर पडायला भ्या वाटत नव्हतं. आता पडलो, तर उठा म्हननारं कोन हाय?"