विश्रामबागेतली घंटी

जमीन हलायच्या आधीच नाथाजींना कळतं, असं कोयनानगरात सगळे म्हणायचे. धरणाच्या कॉलनीत त्यांनी फिटर म्हणून छत्तीस वर्षं काढली, तीही घरात दोऱ्याला पितळी घंटी टांगून. घंटी वाजली की लेकरू उचलायचं आणि अंगण गाठायचं, एवढाच त्यांचा धर्म. सदुसष्टच्या भूकंपात आठ वर्षांचा नाथा एकटाच पळाला होता. पाळण्यातली धाकटी बहीण घरात राहिली, ती राहिलीच.

म्हातारपणी ते सांगलीला, विश्रामबागेत मुलाकडे आले, तशी घंटीही आली. एका सकाळी हातातली कपबशी खडखडू लागली. ती तिथंच टाकून त्यांनी चार महिन्यांच्या नातीला, साक्षीला, उचललं आणि पायऱ्या उतरून अंगणात धाव घेतली. शेजारी निवांत गाडी पुसत होता.

मग हे रोजचंच झालं. कधी कपबशी, कधी हातातला पेपर. त्यांनी कोयनेच्या जुन्या सोबत्याला, भाऊसोला, फोन लावला.

"हादरा बसला का रं?"

"न्हाई गड्या. दोन म्हैनं झालं, काय बी न्हाई."

घंटीही ढिम्म. म्हणजे जमीन फक्त आपल्यापुरती हलते? नाथाजींच्या अंगावर काटा आला. त्यांची बायको चंद्राबाई हळूच म्हणाली, "आवं, तुमची भन तर बोलवत नसंल?" त्यांनी तिला झापलं खरं, पण पाळण्याकडं पाठ करून बसायचं धाडस त्यांना पुन्हा झालं नाही.

"आबा, घंटीचा दोरा अडकला असेल," एके दुपारी सून शिवांजली म्हणाली.

नाथाजींना केवढं हायसं वाटलं! त्यांनी स्टुलावर चढून घंटी काढली. दोरा मोकळाच होता. ते खाली उतरले आणि बोटांत धरलेली घंटी आपोआप वाजू लागली.

"आवं, पोरीला घ्या! भाईर चला!" चंद्राबाई किंचाळली.

नाथाजी हलले नाहीत. पाळण्याची झालर स्तब्ध होती. तांब्यातल्या पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता. त्यांनी घंटी टेबलावर ठेवली. ती गप्प झाली. पुन्हा उचलली, तशी वाजली. याच हातांत धरून रोज पोरीला पायऱ्यांवरून नेलं होतं.

"शिवांजली," ते म्हणाले, "हितनं फुडं पोरगी माज्याकडं देऊ नगंस."