टेकडीवरच्या सुनेत्राबाई

सुनेत्राबाईंच्या घराला भेट देणारा प्रत्येक माणूस आधी खिडकीशी जाऊन उभा राहायचा आणि मग म्हणायचा, "तुमची काय मजा आहे हो!" त्यावर सुनेत्राबाई "छानच आहे" म्हणून चहा टाकायला आत वळायच्या. हे उत्तर त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की कधी कधी समोरच्यानं वाक्य पुरं करायच्या आधीच ते बाहेर पडायचं.

घर होतंच तसं. बर्मिंगहॅम दक्षिणेकडे जिथं संपतं आणि लिकीच्या टेकड्या सुरू होतात, तिथं चढावर पंधरावीस घरांची एक गल्ली आहे. गल्लीच्या शेवटच्या टोकाला हे घर. मागे झाडी, पुढे उतार, आणि उताराच्या पायथ्याशी अख्खं शहर पसरलेलं. त्यांचे यजमान डॉक्टर सतीश हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करत. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये वर्षानुवर्षं काढल्यावर दोन हजार चार साली त्यांनी हे घर घेतलं, तेव्हा त्यांच्या चालण्यातसुद्धा फरक पडला होता.

घर पसंत करायला सुनेत्राबाई स्वतः गेल्या होत्या. त्यांचं माहेर साताऱ्याचं, किल्ल्याच्या उतारावरचं. खालच्या पेठेत नळ धो धो वाहायचे आणि वर यांच्या नळाला करंगळीएवढी धार. त्यामुळे उंचावरचं घर म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर घरातले सगळे नळ सोडून पाहिले. वरच्या मजल्यावरचा शॉवरसुद्धा. घर दाखवणारा टाय लावलेला मुलगा गोंधळून बघत राहिला. "पाणी जोरात आहे हो," त्या समाधानानं नवऱ्याला म्हणाल्या. देवघराला पूर्वेची भिंत मिळत होती, तीही त्यांनी बघितली. खाली जायला बस आहे का, हे विचारायचं मात्र दोघांच्याही मनात आलं नाही. जूनमधला रविवार होता, आणि ते गाडीनं आले होते.

बस नव्हती. मुख्य रस्ता टेकडीच्या तळाशी, आणि तिथवर जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्याला फूटपाथ नव्हता. क्वार्टर्समध्ये असताना त्या पिशवी उचलून निघायच्या, वाटेत मैत्रिणीला, अलकाला, हाक मारायच्या, दोघी मिळून कोथिंबीर आणायच्या, वर तासभर उभ्यानंच बोलायच्या. आता कोथिंबीर शनिवारी गाडीतून यायची. गाडी शिकण्याचा प्रयत्न झाला होता. डॉक्टर शेजारी बसून शिकवत असताना चढावर गाडी मागे घसरली आणि शेजारच्या मार्गारेटबाईंच्या कुंपणात शिरली. मार्गारेटबाईंनी ते हसण्यावारी नेलं. डॉक्टर मात्र "राहू दे" म्हणाले, आणि ते राहिलंच.

मग सकाळी नवरा गेला की दिवस त्यांच्यापुढे येऊन बसायचा. अलकाला फोन, पुण्याला मुलीला फोन. "आईला फोनचं वेडच लागलंय," मुलगी हसायची.

दोन हजार आठच्या वसंतात मार्गारेटबाई लेकीकडे राहायला गेल्या आणि त्यांच्या दारात विक्रीचा बोर्ड लागला. डॉक्टरांच्या हाताखालचा अजय आणि त्याची बायको स्वाती घर शोधत होतेच. स्वाती नागपूरची, येऊन सहा महिने झालेले, नोकरीच्या शोधात. तिलाही गाडी चालवता येत नव्हती. डॉक्टरांनी त्यांना रविवारी जेवायलाच बोलावलं.

त्या आठवड्यात सुनेत्राबाई पुष्कळ वर्षांनी गुणगुणत काम करत होत्या. गाडीनं मोडलेलं ते कुंपण त्या रोज बघत. त्यातून एक माणूस सहज पलीकडे जाऊ शकेल. इकडून आमटीची वाटी जाईल, तिकडून पोरगी येईल, ओट्याला टेकून बोलत बसेल. त्यांनी तिला लोणचं घालायला शिकवायचंही ठरवून टाकलं होतं.

रविवारी शेजारचं घर बघून झालं, जेवणं झाली, आणि डॉक्टरांनी अजयला खिडकीशी नेलं.

"बघ. बारा महिने महाबळेश्वर. पुण्यात असं घर घ्यायला सात जन्म लागले असते."

"सर, फॅण्टास्टिक आहे," अजय म्हणाला. "उद्याच ऑफर टाकतो."

"विचार काकूंना. खाली उतरायचं नाव घेत नाही ही!"

सगळे हसले. सुनेत्राबाई भांडी घेऊन आत गेल्या. मागोमाग स्वाती आली.

"काकू, खरं सांगा. घ्यायचं का? मला तर काही कळून नाही राहिलं. पण तुम्ही बाजूला असणार म्हटल्यावर मला टेन्शनच नाही."

'छानच आहे' ओठांवर आलं होतं. एवढं म्हटलं की काम झालं. त्या पोरीकडे बघत राहिल्या. केवढ्या उत्साहानं बोलत होती! इथं आल्यावर पहिलं वर्ष ती अशीच बोलेल. नंतर तीही नागपूरला फोन लावत बसेल.

"चल," त्या हात पुसत म्हणाल्या. "दूध संपलंय. घेऊन येऊ."

बाहेरून डॉक्टर ओरडले, "अगं, फ्रिजमध्ये दोन बाटल्या आहेत की!"

"त्या खराब झाल्यात."

"कालच तर आणल्या! बरं, थांब, मी गाडी काढतो."

"नको. आम्ही चालत जातो."

उतरताना स्वाती बडबडत होती. पहिल्या वळणावर एक गाडी अगदी जवळून गेली तेव्हा दोघींना झुडपात शिरावं लागलं आणि स्वातीच्या ओढणीला काटे लागले. तळाशी पेट्रोल पंपावरच्या दुकानात दूध घेतलं. परतीच्या चढावर स्वातीची बडबड थांबली. अर्ध्यात ती एका दगडी गडग्यावर बसली.

"काकू, तुम्ही रोज कशा येता-जाता?"

"येत-जात नाही."

"सरांना माहीत आहे?"

"त्यांना वाटतं मला आवडतं. मीच सांगितलंय ना सगळ्यांना." सुनेत्राबाईंनी दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तू आलीस तर मला बरं वाटेल गं. खूप बरं वाटेल. म्हणूनच तुला चालत आणलं."

दोघी वर पोचल्या तेव्हा त्यांचे चेहरे लाल झाले होते. स्वातीनं अजयला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. निघताना अजयनं सरांना "कळवतो" म्हटलं, आणि त्या कळवतोचा अर्थ सगळ्यांनाच कळला.

गाडी वळणाआड गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "मुद्दाम नेलंस तिला."

"हो."

"शेजार आला असता तुलाच."

"हो."

"आवडत नव्हतं तर एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही खिडकीशी उभे राहिलात की इतके खूश दिसायचात हो."

डॉक्टर म्हणाले, "बघू. पुढच्या वर्षी बघू काहीतरी." आवाज मऊ होता. सुई टोचण्याआधी पेशंटशी ते याच आवाजात बोलत असणार, असं सुनेत्राबाईंना वाटलं.

मार्गारेटबाईंचं घर दोन गाड्या असलेल्या एका जोडप्यानं घेतलं. त्यांनी आल्या आल्या कुंपण नीट करून घेतलं. अजय-स्वातीनं खाली शहरात नॉर्थफील्डला, स्टेशनाजवळ, एक लहानसं घर भाड्यानं घेतलं. जूनमध्ये एका गुरुवारी सकाळी स्वातीचा फोन आला. "काकू, या ना. सामान लावून झालं. पण तुम्ही येणार कशा?"

"बघते," सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला. आपणही 'बघते'च म्हणालो, हे त्यांना लागलं.

त्यांनी देवापुढचा दिवा शांत केला, बूट घातले, लोणच्याची बरणी पिशवीत टाकली आणि दार ओढून घेतलं. उतार उतरताना त्यांनी दोन वेळा झुडपाचा आधार घेतला. मुख्य रस्त्याला बस मिळाली.

दुपारी त्यांनी स्वातीच्या ओट्याशी उभं राहून डॉक्टरांना फोन लावला.

"मी स्वातीकडे आहे. संध्याकाळी मला इथून न्या."

"स्वातीकडे? तुला सोडलं कुणी?"

"कुणी नाही. चालत आले, पुढं बसनं."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चढ मात्र माझ्यानं होणार नाही," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी तुम्हाला यावं लागेल."

"दर गुरुवारी?"

"हो."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "किती वाजता येऊ?"

सुनेत्राबाईंनी स्वातीकडे पाहिलं. ती कणीक तिंबत होती.

"जेवायलाच या," त्या म्हणाल्या.